'कॉम्पेन्सेशन' म्हणजे नुकसानभरपाई? मुलाखतीच्या शब्दयाद्यांबद्दल थोडी तक्रार

पुण्यात अप्पा बळवंत चौकात फिरलात, तर स्पर्धा परीक्षांच्या गाइडांशेजारी एका जातीचं पुस्तक दिसेलच: मुलाखतीसाठी लागणारे इंग्रजी शब्द. नावं वेगळी, पण आतला ऐवज साधारण सारखा. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये देवनागरीत उच्चार, उजवीकडे मराठी अर्थ. आता हेच पीडीएफ आणि रील्समधूनही फिरतं. आणि इंग्रजी अध्यापनात पीएचडी करू बघणाऱ्या कुणालाही विषय विचारा, दहातले तीन-चार तरी 'शब्दसंपत्ती आणि मुलाखत कौशल्य' म्हणतात. (हा माझा अंदाज, सर्वेक्षण नाही. उद्धृत करू नका!) म्हणून म्हटलं, या याद्यांकडे जरा संशोधकाच्या नजरेनं बघू. माझं मत आधीच सांगून टाकते: यादीत शब्द कमी आहेत ही अडचण नाहीच. 'शब्द येणं' म्हणजे काय, याची यादीची कल्पनाच तोकडी आहे.

'कॉम्पेन्सेशन' हा शब्द घ्या. यादीत अर्थ दिलेला असतो, नुकसानभरपाई. मराठी पेपर वाचत मोठ्या झालेल्या मुलाला नुकसानभरपाई म्हटलं की धरणग्रस्त आठवतात, भूसंपादन आठवतं, गारपीट आठवते. त्याच्या ऑफर लेटरवर मात्र 'कॉम्पेन्सेशन' म्हणजे पगार, भत्ते, बोनस, सगळं मिळून. अर्थ पाठ होता, तरी तो बुचकळ्यात पडतो. उलट 'फ्रेशर' बघा. आपल्याकडे फ्रेशर म्हणजे पहिलीच नोकरी शोधणारा. ब्रिटनमध्ये तो विद्यापीठात नुकता दाखल झालेला विद्यार्थी. परदेशी पुस्तकावरून उचललेल्या यादीत आपला फ्रेशर सापडत नाही, आणि 'सीटीसी' तर नाहीच नाही.

आता सीटीसीवर जरा थांबू, कारण खरा पैसा इथे आहे. समजा, वर्षाला सहा लाखांची ऑफर आली. बारानं भागून मुलगा घरी सांगतो, महिना पन्नास हजार. पण त्यातले साठ हजार 'व्हेरिएबल' असू शकतात, म्हणजे कामगिरी पाहून मिळणारे. मूळ वेतन निम्मं, म्हणजे तीन लाख धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ ३६,००० होतो, आणि बऱ्याच कंपन्या तोही सीटीसीतच मोजतात. ग्रॅच्युइटीचे सुमारे १४,४०० त्यातच. त्यासाठी साधारणपणे सलग पाच वर्षांच्या सेवेची अट असते, म्हणजे दोन वर्षांत नोकरी सोडणाऱ्याला सहसा ते दिसतही नाहीत. मग त्याच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ आणखी ३६,०००, आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर वर्षाला २,५००. हिशेब करा: महिन्याला हातात साधारण ३७,६००. (जेआरएफचे २०२३ पासूनचे ३७,००० आठवले ना? मलाही आठवले.)

गंमत म्हणजे या सगळ्या गुंत्यातला नेमका प्रश्न आपल्या मावशी-आत्या कधीपासून विचारतायत: 'हातात किती पडतात?' भारतीय ऑफिसातलं 'इन-हँड' म्हणजे हेच. यादीत 'रिम्युनरेशन' आणि 'इमोल्युमेंट्स' असतात, पण 'इन-हँड' बहुधा नसतं. ते पुस्तकी इंग्रजी वाटत नाही ना! मुलाखतीत मात्र ते एक वाक्य विचारता आलं, तर फरक वर्षाला लाख-दीड लाखांचा असू शकतो.

आता थोडी थिअरी. पॉल नेशन यांच्या २००१ च्या पुस्तकात शब्द येणं म्हणजे काय, याचा एक तक्ता आहे. रूप, अर्थ आणि वापर असे तीन भाग. प्रत्येकाचे तीन पैलू. आणि प्रत्येक पैलू दोन बाजूंनी तपासायचा, ऐकून-वाचून कळणं आणि स्वतः बोलता-लिहिता येणं. म्हणजे अठरा खाणी झाली. आपल्या तीन रकान्यांच्या यादीत त्यातली दोन, फार तर तीन भरतात. शब्दासोबत कोणते शब्द येतात, तो कुठे शोभतो, कुणासमोर जड वाटतो, ही वापराची खाणी रिकामीच.

शब्द निवडतात कसे, हाही प्रश्न विचारा. मायकेल वेस्टची १९५३ ची सुमारे दोन हजार शब्दांची यादी असो, की अॅव्हरिल कॉक्सहेडची २००० सालची ५७० शब्दकुलांची शैक्षणिक यादी, त्यांच्यामागे मजकुराचा मोठा साठा आणि निवडीचे उघड निकष आहेत. तुम्ही त्यांच्याशी भांडू शकता, कारण भांडायला काहीतरी आहे. मुलाखतीच्या यादीला विचारा, हे पाचशेच का? उत्तर मिळत नाही.

पण सगळी खाणी भरली, तरी एक गोष्ट राहते. 'तुमची अपेक्षा काय?' असं विचारल्यावर आपली मुलं म्हणतात, 'अॅज पर कंपनी नॉर्म्स.' व्याकरण ठीक, शब्द ठीक. पण 'तुम्हाला योग्य वाटेल ते द्या' हा आपल्याकडचा मोठ्यांसमोरचा अदब त्यात इंग्रजी कपडे घालून आलाय. समोरच्याला तो नम्रपणा वाटेल, किंवा याला स्वतःची किंमत माहीत नाही असंही वाटेल.

जॉन गम्पर्झ यांनी नेमकं याच जागी बोट ठेवलं. ब्रिटनमधल्या एका विमानतळाच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढताना 'ग्रेव्ही' एवढाच शब्द उच्चारत, शेवटी सूर खाली आणून. ब्रिटिश कानाला तो प्रश्न न वाटता 'ही घ्या ग्रेव्ही' असा तुसडेपणा वाटे, कारण त्यांच्याकडे विचारताना सूर वर जातो. शब्द एक, अर्थ तोच, आणि तरी भांडण. पुढे सेलिया रॉबर्ट्स आणि सारा कॅम्पबेल यांनी ब्रिटनमधल्या खऱ्या नोकरीच्या मुलाखतींचं चित्रीकरण अभ्यासून २००६ मध्ये अहवाल दिला. परदेशात जन्मलेल्या उमेदवारांना मार बसत होता, तो नुसतं इंग्रजी कच्चं म्हणून नव्हे. स्वतःची गोष्ट कोणत्या घाटात सांगायची, ही न सांगितलेली अपेक्षा त्यांना आड येत होती.

हे वाचून आपले प्रबंध बघा. शंभर विद्यार्थी, पूर्वचाचणी, तीस तासांचं प्रशिक्षण, उत्तरचाचणी, टी-टेस्ट, फरक लक्षणीय. चाचणीत काय? 'निगोशिएबल'चा अर्थ चारपैकी निवडा. जे शिकवलं तेच विचारलं, त्यामुळे गुण वाढणारच. शीर्षकात मुलाखत आहे, पण अख्ख्या प्रबंधात मुलाखत एकही नाही.

यादीवर सगळा राग काढत नाही मी. तालुक्याच्या गावातून आलेल्या, इंग्रजी कानावर न पडलेल्या मुलीला पाचशे शब्दांचं ते पुस्तक दारातून आत जाण्याइतपत धीर देतं, आणि ही बारीक गोष्ट नाही. पण तो धीर मोजायचा असेल, तर त्याला 'मुलाखत कौशल्य' म्हणू नका.

तुम्हाला हाच विषय घ्यायचा असेल, तर खऱ्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग मिळणं अवघड आहे, हे धरून चला. कंपनी आणि उमेदवार दोघांची संमती लागते, आणि कंपन्या सहसा नाहीच म्हणतात. मॉक मुलाखतीत पैसा पणाला लागलेला नसतो, त्यामुळे पगाराचा भाग तिथे फार गुळमुळीत होतो. मला वाटतं, नुकतीच नोकरी लागलेल्या पंधरा-वीस जणांना त्यांचं ऑफर लेटर समोर ठेवून बोलतं करणं जमण्यासारखं आहे. कोणता शब्द अडला, कुठे विचारायचं राहून गेलं, पहिला पगार आल्यावर काय कळलं. आकडे आणि कंपनीची नावं झाकायची, आणि बोलणं मराठीतच होऊ द्यायचं.