बहिष्कार : गावाचा आणि क्रीडांगणाचा

‘बहिष्कार’ हा शब्द आपल्याला कोशातून शिकावा लागला नाही. पाणवठा बंद, दुकान बंद, मजुरी बंद, रानातली वाट बंद; गावाने हा शब्द आपल्या आजा-पणज्याच्या पोटावर लिहून ठेवला. बाबासाहेबांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले ते उगीच नव्हे. हाच शब्द जगाच्या क्रीडांगणावर उलट्या दिशेने, बहिष्कृतांच्या बाजूने वापरला गेला, तेव्हा काय सिद्ध झाले आणि आपल्या राज्यकर्त्यांनी त्यातून काय सोयीस्करपणे विसरले, हे तपासण्याची गरज आहे.

१९७४ साली भारताचा टेनिस संघ डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत पोचला. विजय आणि आनंद अमृतराज या बंधूंच्या संघाने कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाला आणि आपल्या पुण्यात सोव्हिएत रशियाला हरवले होते. अंतिम सामना वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी होता. भारताने खेळण्यास नकार दिला आणि करंडक न खेळताच तिकडे गेला. तो आजतागायत भारताच्या हाती आलेला नाही. किंमत खेळाडूंनी मोजली आणि श्रेय सरकारने घेतले, हे खरे. तरीही तो निर्णय योग्यच होता, असे मी निःसंकोचपणे म्हणतो.

कारण त्या नकारामागे एक तत्त्व उभे होते. १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला, तेव्हा तेथील सरकारने ‘ही आमची अंतर्गत बाब आहे’ असा बचाव केला होता. क्रीडा-बहिष्काराने हा बचाव चव्हाट्यावर आणून मोडला. केपटाऊनमध्ये जन्मलेला, तिथल्या कायद्याने ‘कलर्ड’ ठरवलेला बॅसिल डॉलिव्हिएरा इंग्लंडकडून खेळत होता. १९६८ साली ओव्हलवर त्याने १५८ धावा काढल्या, तरी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यातून त्याला प्रथम वगळण्यात आले. दुसऱ्याच्या दुखापतीमुळे त्याची निवड झाली, तेव्हा पंतप्रधान फॉर्स्टरने तो संघच नाकारला आणि दौरा रद्द झाला. ‘खेळात राजकारण आणू नका’ म्हणणाऱ्यांना यावर उत्तर नव्हते. राजकारण आधीपासूनच खेळात होते, फक्त ते गोऱ्यांचे होते.

डॉलिव्हिएराची हकिकत मी वर्गात सांगतो तेव्हा मला बाळू पालवणकर आठवतात. १९११ साली अखिल हिंदुस्थानचा क्रिकेट संघ पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. साम्राज्याला राजनिष्ठ हिंदुस्थानचे दर्शन घडवावे, हा त्या दौऱ्याचा एक हेतू होता. म्हणजे तीही क्रीडा-मुत्सद्देगिरीच. त्या दौऱ्यात चांभार समाजातल्या बाळूंनी शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना याच बाळूंना चहा मिळे तो बाहेर, मातीच्या भांड्यात. देशाची अब्रू राखायला त्यांचा हात चालत होता, त्या हाताचा स्पर्श चालत नव्हता. हिंदू संघाचे कर्णधारपदही त्यांच्याऐवजी अखेर १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

१९७४ हे सालही दुसऱ्या बाजूने वाचले पाहिजे. वर्णद्वेषाचा धिक्कार म्हणून देशाने करंडक सोडला, त्याच वर्षीच्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळीत पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली आणि मोर्चात भागवत जाधव मारले गेले. बाहेर समतेचा झेंडा आणि घरात दगड!

पुढे दक्षिण आफ्रिका बदलली. १९९१ साली कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर तिचा क्रिकेट संघ सन्मानाने परतला. आणि दहा वर्षांनी, २००१ साली, त्याच देशातील डर्बन येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. दलित कार्यकर्ते तिथे जातीचा प्रश्न घेऊन गेले. भारत सरकारने विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे आणि हा प्रश्न आम्ही आमच्या घटनेने सोडवू, ही सरकारची भूमिका. १९४६ साली प्रतिवादीने वापरलेली ढाल आता फिर्यादीनेच उचलली होती.

इथे आपणही प्रामाणिक राहिले पाहिजे. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनीच साधार मांडले आहे. केवळ टाळ्यांसाठी आपण दोन्ही एकच आहेत असे म्हणू नये. पण क्रीडा-बहिष्काराचे तत्त्व कातडीच्या रंगावर उभे नव्हते. जन्मावरून माणसाला बाहेर ठेवणारी व्यवस्था कोणत्याही देशाची खाजगी मालमत्ता नव्हे, हे ते तत्त्व. १९६५ च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात वंश आणि वर्ण यांच्या जोडीला ‘जन्मकूळ’ हा आधार घातला गेला, तोही भारताच्याच सूचनेवरून. मग डर्बनमध्ये भारताला आपलाच शब्द का टोचला?

असामान्य समाजात सामान्य खेळ असू शकत नाही, असे दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषविरोधी क्रीडा संघटक म्हणत. ते वाक्य आपल्या गावाच्या वेशीवर नेऊन उभे करा. १९७४ चा नकार सरकारच्या गौरवग्रंथात राहू द्यायचा नाही. तो आपला साक्षीदार आहे. दुसऱ्याच्या घरातला अन्याय जगाचा प्रश्न असतो, हे या देशाने एकदा करंडक गमावून मान्य केले आहे. आता आपल्या घराबद्दल त्याला ‘अंतर्गत बाब’ म्हणता येणार नाही.