मोजणी, फेरमोजणी आणि वृत्तपत्रीय मराठी

मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात ४ जून २०२४ रोजी रवींद्र वायकर हे अमोल कीर्तिकर यांच्यापेक्षा अवघ्या ४८ मतांनी विजयी घोषित झाले. त्या निकालाविषयीच्या वृत्तलेखनाचा विचार प्रस्तुत टिपणात भाषेपुरताच करावयाचा आहे. निकालास आव्हान देणारी कीर्तिकरांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली.

प्रथम आकडे पाहू. मतयंत्रांतून कीर्तिकरांना ४,५१,०९५ व वायकरांना ४,५१,०९४ मते मिळाली. टपाली मते अनुक्रमे १,५०१ व १,५५०. टपालातील ४९ चे आधिक्य, त्यातून यंत्रांतील ते एक मत वजा जाता ४८ उरतात. हिशेब इतका सरळ असता संशय इतका का बळावला? त्याचे एक बीज, माझ्या मते, क्रियापदांत आहे. ‘आघाडी घेतली’, ‘मुसंडी मारली’, ‘पिछाडीवर पडले’ ही सारी शर्यतीची भाषा. शर्यतीत स्पर्धक धावत असतो. मोजणीच्या दिवशी उमेदवार काहीच करीत नसतो. मते आधीच पडलेली असतात, ती केवळ उघड होतात. परंतु ‘आघाडी गमावली’ असे वाचताच ती कोणी हिरावली, हा प्रश्न वाचकाच्या मनात वाक्यरचनाच उभा करते.

‘फेरमोजणी’ या शब्दाची कथा अधिक उद्बोधक आहे. बाद ठरलेल्या टपाली मतांची पुन्हा पडताळणी करणे निराळे आणि १९६१ च्या निवडणूक नियमांतील ६३ व्या नियमान्वये, उमेदवाराच्या सकारण लेखी अर्जावरून, मते पुन्हा मोजणे निराळे. वृत्तांत दोहोंना एकच नाव मिळाले. भिवापूर तालुक्यातील शेतकऱ्यास हे विचित्र वाटेल. त्याच्या लेखी ‘मोजणी’ म्हणजे प्रथम जमिनीची मोजणी. ती मान्य नसल्यास वरिष्ठांकडून ‘निमताना’, त्यावरही ‘सुपर निमताना’. ज्या भाषेने बांधाच्या तंट्यासाठी पायरीपायरीचे शब्द राखले, तिच्या वृत्तपत्रांना मतांसाठी एकाच शब्दावर भागवावेसे वाटावे, ही शब्ददारिद्र्याची नव्हे, आळसाची खूण होय.

१६ जून २०२४ रोजी ‘मिड-डे’ या इंग्रजी पत्राने मतयंत्र ओटीपीने उघडल्याचे वृत्त दिले आणि मराठी माध्यमांनी ते उचलले. यंत्रास कोणताही दूरसंपर्क नसतो व ओटीपी लागत नाही, असा खुलासा निवडणूक निर्णय अधिकारी वंदना सूर्यवंशी यांनी केला. पुढे त्या पत्रानेही दुरुस्ती छापली. ओटीपीचा संबंध होता तो मोजून झालेले आकडे आयोगाच्या संगणक-प्रणालीत भरण्याशी. मोजणे आणि नोंदणे हे दोन व्यापार एका ‘मोजणी’त कोंबले की असा घोटाळा होणारच. त्यात हानी झाली ती खऱ्या तक्रारीची. मोजणी केंद्रात भ्रमणध्वनी वापरला गेल्याबद्दल वनराई पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला होता. तेथे तो कसा पोहोचला, हा रास्त प्रश्न यंत्राविषयीच्या गदारोळात मागे पडला.

विद्यार्थ्यांना याच दृष्टीने आणखी एक प्रकरण जवळच उपलब्ध आहे. भंडारा जिल्ह्यातील साकोलीत नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत नाना पटोले २०८ मतांनी निवडून आले. नागपूरच्या दैनिकांतील त्या आठवड्याची कात्रणे जमवून त्यांतील क्रियापदे व त्यांचे कर्ते आधी वेगळे काढावेत.