रोजकीर्दीची खतावणी

शनिवार पेठेतल्या घरी सध्या रोज संध्याकाळी मी एकच एसक्यूएल क्वेरी पुन्हा पुन्हा वाचतो. काम साधंच. इथेरियमवरचे 15 सप्टेंबर 2022 चे व्यवहार घ्यायचे, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावार बेरीज करायची, मोठ्या रकमा वर आणायच्या. त्या दिवशी इथेरियमनं मायनिंग कायमचं सोडलं, म्हणून हा दिवस.

ब्लॉकचेन म्हणजे रोजकीर्द. घडलं त्या क्रमानं लिहिलेलं, खोडाखोड नाही. शनिवारवाड्यातून ज्या दौलतीचा कारभार चाले, तिच्या मोडीतल्या रोजकीर्दी आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. पण नुसती कीर्द चाळून कोणाच्या नावावर किती गेलं ते कळत नाही, त्यासाठी खतावणी घालावी लागते. क्वेरीतला 'ग्रुप बाय' तीच खतावणी घालतो. कारकुनांचे कित्येक दिवस या दोन शब्दांत मावले आहेत.

त्याहून मला भावतो तो वाक्याचा क्रम. चेंबरलिन आणि बॉइस यांनी 1974 मध्ये एसक्यूएल ही भाषा मांडली ती इंग्रजी वाक्याच्या घाटावर, म्हणून क्रियापद आधी येतं: 'सिलेक्ट'. अर्थ मात्र उलट लागतो. आधी 'फ्रॉम', मग 'व्हेअर', मग 'ग्रुप बाय', आणि त्यानंतर 'सिलेक्ट'. या वहीतून, या दिवसाच्या नोंदी, पत्त्यावार, उचल. हे तर मराठी वाक्य! हे उमगलं त्या दिवशी माझं अडखळणं निम्म्यानं कमी झालं.

क्वेरीत यमकही आहे. पाठवणाऱ्याच्या स्तंभाचं नावही 'फ्रॉम'च. एक 'फ्रॉम' आज्ञा, दुसरा नाव, आणि दोघांत फरक फक्त दुहेरी अवतरणचिन्हांचा.

'व्हेअर'मध्ये 'सक्सेस'ची अट आहे, ती मी पहिल्यांदा विसरलो होतो. फसलेला व्यवहारही वहीत रकमेसकट राहतो. शुल्क कापलं जातं, रक्कम जागची हलत नाही. माझ्या बेरजेत असे न हललेले पैसे शिरले होते. शेवटी 18 शून्यांचा भागाकार, कारण नोंद वेई या इथरच्या सर्वांत लहान एककात असते आणि आपल्याला इथर हवा असतो.

तरी ही खतावणी अपुरीच. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टनं आतल्या आत हलवलेला इथर व्यवहारांच्या या तक्त्यात दिसत नाही, तो 'ट्रेसेस' नावाच्या तक्त्यात असतो. काल तो तक्ता उघडला, तर एकाच व्यवहाराच्या पोटातून नोंदींची रांग निघाली.