अर्धा इंच नेमका कुठे?

नळसामानाच्या दुकानात अर्ध्या इंचाची 'एमएबीटी' मागा. सीपीव्हीसी नळीचा, बाहेरून पितळी आटे असलेला जोड मिळेल. 'मेल अडॉप्टर ब्रास थ्रेडेड' या शब्दांची ती आद्याक्षरे. 'एफएबीटी'त आटे आतून असतात. आता व्हर्नियर कॅलिपरने या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, इथे भरतील सुमारे 21!

हे नाव मुळात लोखंडी नळीच्या पोकळीवरून पडले. आज मध्यम जाडीच्या जीआय नळीची पोकळीही सुमारे 16 मिलिमीटर असते. म्हणजे अर्धा इंच हे माप नसून नुसते नाव आहे. तेवढे चालवून घेऊ. जुन्या नळीला नवा जोड बसावा म्हणून ते टिकले आहे.

खरा आक्षेप संक्षेपांवर आहे. आटे आत की बाहेर, धातू कोणता, हे ते सांगतात. पाणी कशाने अडणार, हे सांगत नाहीत. आंतरराष्ट्रीय मानकांतील अक्षरे ते सांगतात. 'जी' म्हणजे समांतर आटे. तिथे गळती वायसर अडवतो, नुसती टेप गुंडाळून भागत नाही. 'आर' म्हणजे निमुळते आटे. दर 16 मिलिमीटर लांबीला व्यास 1 मिलिमीटरने बदलतो आणि सांधा आट्यांवरच आवळला जातो. अमेरिकी 'एनपीटी'च्या अर्ध्या इंचातही, आपल्याप्रमाणेच, इंचाला 14 आटे असतात. पण आट्याचा कोन 55 ऐवजी 60 अंश. जोड फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि पुढे गळतो.

म्हणून विद्यार्थ्यांकडून संक्षेप पाठ करून घेऊ नयेत. जोड हातात द्यावा आणि विचारावे : इथे पाणी कोण अडवते?