कोठडीतली परकी भाषा

वेट्रीमारन यांचा ‘विसारणै’ हा तमिळ चित्रपट २०१५ साली व्हेनिसच्या महोत्सवात प्रथम दाखविला गेला. ‘विसारणै’ म्हणजे चौकशी. कोइम्बतूरचे रिक्षाचालक एम. चंद्रकुमार यांनी गुंटूरच्या पोलीस कोठडीतील स्वानुभवावर ‘लॉकअप’ ही कादंबरी लिहिली. तिच्यावर हा चित्रपट बेतला आहे.

पोटासाठी आंध्रात आलेले, रात्री बागेत झोपणारे चार तमिळ मजूर चोरीच्या संशयावरून पकडले जातात. न केलेला गुन्हा त्यांनी कबूल करावा, यासाठी त्यांना मारहाण होते. ती दृश्ये पाहवत नाहीत. तरी ती भडक आहेत, असे आम्हांला वाटत नाही. पांडीच्या एका नकाराची किंमत त्यांतूनच कळते.

कलाकृतीचे मर्म आम्हांला न्यायालयाच्या प्रसंगात दिसते. न्यायाधीशांची तेलुगू या चौघांना समजत नाही. योगायोगाने तेथे आलेला तमिळ पोलीस अधिकारी मुथुवेल दुभाषा होतो आणि त्यांची सुटका होते. निरपराधांचे भवितव्य अशा योगायोगावर लोंबकळावे, हे दिग्दर्शकाने फारसे न बोलता सांगितले आहे.

तथापि एक उणीव जाणवते. येथे क्रौर्य दिसते, मोडलेला नियम मात्र दिसत नाही. अटक झालेल्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदाने दिला आहे. मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांविषयी पत्रकार शीला बर्से यांनी लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली आदेश दिला, की अटक होताच पोलिसांनी जवळच्या कायदेविषयक मदत समितीस कळवावे. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली न्यायालयाने चौकशीच्या काळात वकिलास भेटण्याची मुभा दिली, जरी पूर्ण वेळ नव्हे. तीच तरतूद आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३८व्या कलमात आहे.

हे ठाऊक नसलेला प्रेक्षक हळहळतो आणि नशिबाला दोष देत घरी जातो. ठाऊक असलेल्याला कोठडीच्या दारातली वकिलाची रिकामी जागा दिसते, आणि ती कोणी रिकामी ठेवली, असा प्रश्न पडतो. तो प्रश्न चित्रपटाने स्वतःच विचारला असता, तर त्याचे बळ वाढले असते. वाचकांनी ‘विसारणै’ अवश्य पाहावा. पण त्याआधी घरातील तरुणांना, विशेषतः कामधंद्यासाठी परप्रांती जाणाऱ्यांना, हा हक्क समजावून सांगावा.