पोथी कोणाच्या ताब्यात?

टीकालेख म्हटला म्हणजे एखाद्या नव्या कादंबरीची चिरफाड किंवा जुन्या कवीचा गौरव, अशी दिवाळी अंकाच्या वाचकाची अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. यंदा मात्र पुस्तकाऐवजी, पुस्तक ज्याच्या पोटात राहते त्या यंत्राविषयी लिहावे असे मनात आले. फराळाची बशी पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकाने एवढ्यावरून अंक मिटू नये. यंत्राची ही गोष्ट लवकरच पोथीपाशी येऊन पोहोचते.

आमच्या टेंभुर्णीवरून पुणे-सोलापूर हमरस्ता रात्रंदिवस वाहत असतो. परंतु पुस्तकांचे भरलेले दुकान पाहावयाचे तर सोलापूर नाहीतर पुणेच गाठावे लागते. त्यामुळे शाळेतील एका तरुण सहकाऱ्याने ‘किंडल’ हे वाचनयंत्र घेतले तेव्हा मला त्याचा हेवाच वाटला. पाटीहून लहान, डोळ्यांना न खुपणारे, आणि आत शेकडो पुस्तके मावतील असे. २०१६ च्या डिसेंबरपासून त्यावर मराठी पुस्तकेही विकत मिळू लागली. पण या गृहस्थाचा जीव जुन्या पुस्तकांत. शंभर वर्षांपूर्वीच्या छापील पानांची छायाचित्रे यंत्रावर घ्यावीत, तर अख्खे पान एवढेसे होऊन दिसे. मुंग्यांची रांग बरी. तेव्हा त्याने यंत्राचे ‘जेलब्रेक’ केले. शब्द तुरुंग फोडल्याचा आहे, परंतु अर्थ इतकाच की, कंपनीने घातलेले कुलूप काढून आपल्या पसंतीची आज्ञावली यंत्रात बसविणे. त्याने ‘केओरीडर’ नावाची फुकट मिळणारी आज्ञावली बसविली. ती पानांचे कोरे समास कापते, अक्षर मोठे करते, आणि आपल्याला हवा तो टंक वापरू देते.

इथवर ठीक. पण कंपनीच्या घरून बिनतारी वाटेने यंत्राच्या मूळ आज्ञावलीची नवी आवृत्ती येत असते. ती मालकाला न विचारता रात्रीतून बसते, आणि सकाळी पाहावे तो कुलूप पुन्हा जागच्या जागी! २०२५ च्या जानेवारीत ‘विंटरब्रेक’ नावाची कुलूप काढण्याची एक युक्ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी कंपनीने नवी आवृत्ती काढून ती वाट बुजविली. म्हणून कुलूप काढणारे लोक दुसरेही एक काम करतात. ही नवी आवृत्ती आत येऊच नये अशी तजवीज करतात. त्याच्या तऱ्हा मोठ्या मौजेच्या आहेत. कोणी यंत्राचा बाहेरच्या जगाशी संबंधच तोडतो. कोणी निरर्थक फायलींनी यंत्राचे पोट इतके भरून ठेवतो की नव्या आवृत्तीला उतरायला जागा उरू नये. पाहुणा टळावा म्हणून घरातली सगळी अंथरुणे पसरून ठेवावीत तसे. आणि चतुर माणूस, नवी आवृत्ती बसविणारा जो यंत्रातलाच कारभारी, त्याचे नावच बदलून टाकतो. हाक येते, त्या नावाचे कोणी सापडत नाही, काम राहून जाते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्यात नाक का खुपसावे? याचे उत्तर २००९ च्या जुलै महिन्यात मिळाले आहे. ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटीफोर’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तके विकत घेतलेल्यांच्या किंडलमधून दुरूनच काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते. पैसेही परत दिले. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे जाहीर माफीही मागितली. पण एका अमेरिकन विद्यार्थ्याने पुस्तकावर केलेली टिपणे निराधार झाली, कारण ज्या मजकुरावर ती होती तो मजकूरच गेला. टीकेचा सारा व्यवहार एका साध्या गृहीतावर चालतो: मी ज्या पानाविषयी बोलतो आहे ते पान उद्या तुम्ही उघडाल तेव्हा तसेच असेल. ते गृहीत गेले की टीकाकाराच्या पायांखालची जमीनच सरकते.

इथे एक फरक नीट ध्यानात ठेवला पाहिजे. यंत्राची आज्ञावली बदलणे वेगळे आणि पुस्तकाचा मजकूर बदलणे वेगळे. पण दोन्हींचा रस्ता एकच. २०२३ मध्ये रोआल्ड डाल या बालसाहित्यिकाच्या पुस्तकांतील शब्द प्रकाशकाने बदलले, तेव्हा जुनी आवृत्ती विकत घेतलेल्या काहींच्या यंत्रातही नवा मजकूर आपोआप जाऊन बसल्याचे वृत्तपत्रांनी छापले. बदल योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. घरात घेऊन ठेवलेले पुस्तक रात्रीतून दुसरे व्हावे, याला मात्र आपल्या भाषेत नाव नाही.

कोणी म्हणेल, संहिता बदलण्याचे आपल्यालाच काय कौतुक? ज्ञानेश्वरी नाही का शोधली गेली? गेली, आणि म्हणूनच तो दाखला मला हवा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शुद्ध करून ज्ञानेश्वरी सिद्ध केली. हे काम त्यांनी उघडपणे केले, सालासकट नोंदविले, आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावूनही ठेवले. त्यांचा पाठ घरोघर मान्य झाला. तरी कोणाच्या कोनाड्यातली जुनी पोथी त्यामुळे आपोआप बदलली नाही. म्हणूनच तीन शतके उलटल्यावर वि. का. राजवाडे यांना एकनाथांपूर्वीच्या पाठाची पोथी मिळाली आणि १९०९ साली त्यांनी ती छापली. तिच्या काळाविषयी विद्वानांत वाद झाले, होऊ द्यात. वाद घालायला पोथी शिल्लक होती, हे महत्त्वाचे. याच राजवाड्यांनी महानुभावांच्या सांकेतिक लिपीचे कुलूप काढले आणि जुन्या मराठीचा मोठा ठेवा अभ्यासकांना खुला झाला. कुलूप काढणाराला सरसकट चोर म्हणणाऱ्यांनी त्यांची आठवण ठेवावी.

मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम १९६२ साली शासनाने मान्य केले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. शिक्षक म्हणून मला ते बरेच झाले असे वाटते. मुलांच्या वह्यांवरची लाल शाई निम्म्याने वाचली. परंतु हरिभाऊ आपट्यांच्या काळचे छापील पुस्तक हाती आले म्हणजे ते टिंब सांगते की, इथे एके काळी नाकातला उच्चार होता. नव्या आवृत्तीत टिंब नसले तरी जुने पुस्तक ग्रंथालयात उभे आहे. नव्याने जुन्याला मारले नाही.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो, प्रकाशकांचे नाव घेत नाही. एका कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीत मुद्रितशोधकाने माझ्या माढ्याकडच्या म्हातारीचे ‘व्हतं’ काढून ‘होतं’ केले, ‘न्हाई’चे ‘नाही’ केले. ऊसतोडीला गेलेल्या लेकाची वाट पाहणारी ती बाई एकाएकी पुण्याच्या सदाशिव पेठेत राहायला गेली! पहिल्या आवृत्तीच्या प्रती वाचकांकडे होत्या, म्हणून तिसऱ्या आवृत्तीत मला तिला परत आणता आले. कादंबरी केवळ यंत्रात असती आणि दुसरी आवृत्ती सर्वत्र आपोआप उतरली असती, तर पुरावा कुठला दाखविणार होतो?

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नव्या आवृत्तीबरोबर यंत्रातील दोषांची दुरुस्तीही येते, आणि ती अडविणारा तिलाही मुकतो. कुलूप काढणारांत पुस्तकचोरही असतात, आणि ज्याला वर्षाकाठी मानधनाचे चार पैसे मिळतात त्या लेखकाला ते प्रेमाने सांगण्यासारखे नाही. चोराला दंड करा. परंतु तेवढ्यासाठी प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या कपाटाची किल्ली दुकानदाराच्या कमरेला का असावी? २०२५ च्या २६ फेब्रुवारीपासून तर विकत घेतलेले पुस्तक आपल्या संगणकावर उतरवून ठेवण्याची किंडलवरची सोयही बंद झाली.

यंत्र बनविणाऱ्यांनी ‘नवी आवृत्ती आली आहे, घेऊ का?’ एवढे विचारावे, आणि नको म्हणणाऱ्याचे ऐकावे. मराठी प्रकाशकांकडे मागणे त्याहून सोपे आहे. कागदी पुस्तकाच्या शीर्षकपानामागे आवृत्ती आणि साल छापण्याची आपली जुनी रीत आहे. तीच यंत्रावरच्या पुस्तकालाही लावावी, आणि मजकूर बदलला असेल तर कोणत्या तारखेला, कोणी व कोठे बदलला ते त्याच पानावर छापावे.