दोन शिंपी आणि एक कोयता

वर्षभराच्या वाचनातली आवडती पुस्तके कोणती, या प्रश्नाचे उत्तर बहुधा यादीने दिले जाते. यादीत पुस्तके शेजारी शेजारी बसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून प्रस्तुत लेखात यंदाच्या वाचनातली तीनच पुस्तके घेतली आहेत : रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’, आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ हा कथासंग्रह आणि देविदास सौदागर यांची ‘उसवण’. तिन्ही लेखक मराठवाड्याचे. ही पुस्तके सिरसाळ्यात वाचली गेली, हेही सांगणे भाग आहे. परळी-बीड रस्त्यावरच्या या गावाच्या परिसरात दिवाळी अंक हाती पडण्याचा आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याचा हंगाम एकच असतो. टोळ्या गेल्या की वाड्या-तांड्यांवरची कितीतरी घरे पुढचे पाच-सहा महिने कुलपात असतात. अशा मुलखात ग्रामीण साहित्य वाचताना दोन प्रश्न पाठ सोडत नाहीत. कष्टाचे मोल कोण ठरवतो? आणि त्या कष्टाचा हिशेब कोणाच्या तोंडून सांगितला जातो?

‘पाचोळा’ १९७१ची. बोराडे सरांचे २०२५च्या फेब्रुवारीत निधन झाले आणि अनेकांनी ती पुन्हा काढून वाचली. कथा खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची आहे. नवऱ्याचा ताठा, गावातल्या बड्या माणसाशी आलेले वितुष्ट आणि त्यात होणारी घराची वाताहत, एवढाच तिचा ऐवज. हे सगळे सांगते ती शिंप्याची बायको, स्वतःच्या बोलीत. या कादंबरीतल्या बोलीचे कौतुक पुष्कळ झाले. पण बोली हा इथे केवळ भाषेचा रंग आहे असे मानले, तर कादंबरीचे मर्म हातून निसटते. निर्णय घराबाहेर होतात, पुरुषांमध्ये होतात. ते या बाईपर्यंत पोचतात ते चुलीवर काय शिजणार आणि काय नाही, या रूपात. तिला कुणी विचारत नाही, पण भोगायचे सगळे तिलाच आहे. त्यामुळे तिचा हिशेब चुकत नाही. शिवाय इथला प्रतिपक्ष गावातच राहतो. त्याला नाव आहे, घर आहे. त्याच्याशी भांडता येते, त्याच्यापुढे वाकता येते, निदान त्याच्या नावाने बोटे तरी मोडता येतात.

‘उसवण’ ही दुसऱ्या शिंप्याची गोष्ट. सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम करून लिहिणारे. या कादंबरीला २०२४चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांनी बाजार भरला आणि विठूच्या मशीनकडे येणारे गिऱ्हाईक आटले. विठूने भांडावे कोणाशी? तयार शर्ट घेणारा माणूस त्याच्यासारखाच गरीब असतो, आणि तो शर्ट शिवणारे हातही कुठेतरी मजुरीचेच असतात. दोन शिंप्यांमध्ये अर्ध्या शतकाचे अंतर आहे. त्या अंतरात प्रतिपक्षाचा चेहरा पुसला गेला आहे. त्याचा परिणाम कादंबरीच्या घडणीवरही होतो. ‘पाचोळा’त ताण चढत जातो, ‘उसवण’मध्ये दुःख साचत जाते. काही वाचकांना हा दोष वाटेल. मला ती विषयाचीच मागणी वाटते. ज्या लढाईत समोर कुणी उभेच नाही, तिला नाट्य आणायचे कुठून?

या दोहोंच्या मधला दुवा ‘आलोक’मध्ये सापडतो. लोमटे परभणीचे पत्रकार. या संग्रहाला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या दीर्घ कथांतल्या गावात ग्रामपंचायत आहे, निवडणूक आहे, जातीचे गणित आहे. अन्याय करणारा माणूस दिसतो, पण तो एकटा नसतो. त्याच्या पाठीशी कागद असतो, पद असते, वरच्या कुणाचा तरी हात असतो. बोराड्यांच्या गावातली धाक घालणारी सत्ता इथे नियमाचा सदरा घालून वावरते.

ही तीन चित्रे आमच्या भागातल्या ऊसतोड कामगाराला एकाच वेळी लागू पडतात. उचल देणारा मुकादम ओळखीचा, बऱ्याचदा पंचक्रोशीतलाच. मजुरीचा दर दूर कुठल्यातरी बैठकीत ठरतो. साखरेचा बाजार तर कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. आणि या व्यवहारात मोजणीचे एकक आहे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल सहसा नवऱ्याच्या हाती पडते; ऊस दोघे तोडतात, मोळ्या ती वाहते, पहाटेची चूलही तीच पेटवते. भाषेनेच दोन माणसांचे एक अवजार करून टाकले आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे बाईची नोंद झाली, ती आकड्यात. एवढ्या मोठ्या आकड्यामागचा एकेक संसार कुठे, कसा विस्कटला, दवाखान्याचा खर्च कुठल्या उचलीतून वळता झाला, हे अहवालाच्या रकान्यात मावत नाही. ते काम साहित्याचे.

म्हणूनच यंदाच्या वाचनात पहिली पसंती ‘पाचोळा’ला. तिच्यातले गाव जुने झाले, हे खरेच. शिंपी, बलुते, गावकीचा धाक यांचे ते जग आज तसे उरलेले नाही. ‘उसवण’ काळाच्या अधिक जवळ आहे आणि ‘आलोक’ सत्तेचे व्यवहार अधिक बारकाईने जाणतो. पण घरबुडीचा हिशेब घरातल्या बाईने सांगायचा, ही बोराड्यांनी १९७१ साली काढलेली वाट अजून जुनी झालेली नाही, कारण तिच्यावरून पुढे फारसे कुणी गेलेले दिसत नाही. विठूच्या घरात काय उसवले, हे त्याच्या बायकोच्या तोंडून ऐकावे असे ‘उसवण’ वाचताना सारखे वाटत राहते. मराठवाड्यातल्या पुढच्या मोठ्या कादंबरीने नवा विषय शोधत फार लांब जायला नको. ‘कोयता’ या एका शब्दात दडलेली दोन माणसे तिने वेगळी करावीत आणि आधी दुसरीला बोलू द्यावे.